काहिलीखालचा शिक्का

भांडण मिटलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकताना वाटायचं की शालूबाई आणि लालासाहेब एकमेकांच्या उरावर बसली होती आणि सरकारनं मधे पडून त्यांना सोडवलं. सरकारी दप्तरात तसंच लिहायचं घाटत होतं. पण मिटलं ते दुसऱ्याच दिवशी, गुळव्या नाथाजीच्या चार शिव्यांनी, आणि त्या शिव्यांना कुणाचा शिक्का लागला नव्हता.

भांडण होतं काहिलीचं. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. कढई आपली म्हणायची, रेडकू पोहेल एवढी मोठी. कड्यांत दांडे घालून आठ गडी लागायचे तेव्हा ती उचलायची. बोरजाईवाडीतली ही काहील दोघांच्या भागीची. अर्धी हंबीररावाची आणि अर्धी त्याच्या चुलतभावाची, म्हणजे लालासाहेबाची. साल चव्वेचाळीस. हंबीरराव पलटणीत, शेवटचं पत्र इटलीतनं आलेलं. त्याच्या माघारी दीड एकर ऊस त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, एकटीनं वाढवलेला. नवी काहील घ्यावी म्हटलं तर सांगलीपासून कराडपर्यंत लोखंडाचा तुकडा मिळत नव्हता, सगळं लढाईवर गेलेलं. आसपासच्या गुऱ्हाळांच्या काहिली चैतापर्यंत बोलून ठेवलेल्या. म्हणजे ह्या एका काहिलीत रस पडला तर गूळ. नाहीतर उसाला तुरा येणार, कांडं आतनं पोकळ होणार आणि वर्षाची मेहनत बैलांपुढं टाकावी लागणार.

"गेल्या साली तुमचा ऊस आदी गाळला भावजी, औंदा माजा," शालूबाई म्हणाली.

"गड्यामानसाचं आदी असतंय, वैनी."

"का वो? गड्याचा ऊस लाजतूय व्हय मागनं जायाला?"

विहिरीवर चार माणसं होती, ती खदाखदा हसली. लालासाहेबाच्या मिशीला ते झोंबलं. त्यानं सायकल काढली, थेट तालुक्याला गेला आणि समेट मंडळात अर्ज ठोकून आला.

हे मंडळ संस्थानानं त्याच साली काढलेलं. कोर्टाच्या बाहेर, वकिलाशिवाय आणि फुकट, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून दिवाणी आणि व्यापारी तंटे राजीखुशीनं मिटवायचे. कल्पना झकास होती. दरबारात ती वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. मग ती अमलात आणायला विष्णुपंतांना नेमलं.

विष्णुपंत म्हणजे तीस वर्षं सांगलीच्या कोर्टात नाझराची, म्हणजे जप्त्या बजावायची, नोकरी करून पेन्शनीत निघालेला माणूस. तीस वर्षांत त्यांनी हजारो जप्त्या केल्या, पण एकही भांडण मिटवलं नव्हतं, कारण ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांच्या हाताखाली मधुकर नावाचा कारकून. काडीसारखा पोरगेला माणूस, हातात पत्र्याची पेटी. त्या पेटीत नियमांचं पुस्तक, छापील नमुने आणि मंडळाचा पितळी शिक्का.

लालासाहेब अर्ज देऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी नाथाजी गुळव्यानं दोघांना चुलवणापाशी, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी, उभं केलं. नाथाजी साठीचा. अख्ख्या पंचक्रोशीत गूळ त्याच्याएवढा कुणाला कळत नव्हता, आणि माघी पुनवेपासून तो कराडकडच्या गुऱ्हाळावर बोललेला होता.

"दोगांचा ऊस एकाच चरकात जाणार, एकाच काहिलीत शिजणार," नाथाजी म्हणाला. "एक आधण हिचं, एक आधण तुजं. आन् डोस्कं कुणाचं आदी भाजायचं तेवडं सांगा, म्हंजे चुलवण पेटवतो."

शिव्या मी गाळल्यात. पण दोघं हसली. लालासाहेबानं संध्याकाळी शालूबाईच्या दारात जळणाला चिपाडाचा भारा टाकला आणि काही न बोलता निघून गेला. त्यानं ह्यापरीस जास्त माफी आयुष्यात कधी मागितली नव्हती. मिटलं.

तिसऱ्या दिवशी मंडळ बैलगाडीत बसून आलं.

"पंत, आमचं मिटलं," लालासाहेब गाडीला आडवाच गेला.

विष्णुपंतांनी चष्मा नाकावर सारला. "कोणी मिटवलं?"

"आमीच."

"मंडळाशिवाय?"

"मंडळ लागतंय हे म्हाईत न्हवतं," शालूबाई म्हणाली.

पंतांनी मधुकरकडनं पुस्तक घेतलं. "नियम सात. समेट मंडळापुढे तीन बैठकींत करावा. पहिल्या बैठकीत तक्रार, दुसऱ्या बैठकीत उत्तर, तिसऱ्या बैठकीत समेट. तुम्ही एकदम समेटावर आलात. तक्रार कुठं आहे?"

"तक्रारच न्हाई तर आनू कुटनं?"

"अर्ज आहे. अर्ज आहे म्हणजे तंटा आहे. आणि तंटा आहे तोवर तंट्याची वस्तू मंडळाच्या ताब्यात."

"मी अर्ज माघारी घेतो की," लालासाहेब काकुळतीला आला.

"अर्ज माघारी घेण्याचा नमुना अजून छापून यायचा आहे."

काहील जप्त झाली. आता ती मळ्यातनं चावडीत न्यायची, तर आठ गडी आणि दांडे पाहिजेत. गडी पंतांनी मागितलेच नाहीत, कारण गड्यांचा खर्च नियमात बसत नव्हता. "उभी करा आणि चाकासारखी न्या," ते म्हणाले. नाथाजीनं हात जोडले, "पंत, रस्ता उताराचा हाय." पण तीस वर्षांच्या नोकरीत पंतांना उताराची अडचण कधी आलेली नव्हती.

काहील उभी केली. चौघांनी धरली. मधुकर पुढं, छातीशी पेटी धरून, "सांभाळून, सांभाळून" करत. मारुतीच्या देवळापर्यंत ठीक गेलं. देवळाच्या पुढं उतार आहे, तिथं एकाचा हात सुटला आणि मग चौघांचेही सुटले.

मधुकरनं मागं बघितलं आणि पळत सुटला. रस्त्याच्या कडेला व्हावं एवढं त्याला सुचलं नाही. सरळ पळत होता आणि काहील सरळ त्याच्या मागं. कोंबड्या भिंतीवर, म्हातारी माणसं कट्ट्यावर, एक शेळी चक्क वाण्याच्या दुकानात. चावडीच्या अंगणात पोचल्यावर मधुकरनं पेटी टाकली आणि ओट्यावर उडी घेतली. काहील ओट्याला धडकली, माघारी फिरली आणि जमिनीवर रुपया फिरतो तशी स्वतःभोवती गरागरा फिरू लागली. फिरत फिरत खाली येत गेली. शेवटी धाडकन पालथी पडली, ती नेमकी पेटीवर. आवाज असा झाला की नदीपलीकडची कुत्री भुंकली.

पंत मागनं चालत आले. त्यांनी आधी खिशातनं कागद काढून त्यावर नोटीस लिहिली, सही केली आणि खळ लावून काहिलीच्या पाठीवर चिकटवली. "हा मुद्देमाल मंडळाच्या शिक्क्यानिशी हुकूम झाल्याखेरीज जागेवरून हलवू नये. हलवणारास सहा महिने कैद." मग हात पुढं केला.

"मधुकर, शिक्का."

मधुकरनं काहिलीकडं बघितलं.

मग नाथाजी म्हणाला, "उचलूया की. आठ जण तर हाय हितं."

"शिक्क्याच्या हुकुमाशिवाय?" पंत म्हणाले.

"आवं, शिक्का तिच्याखाली हाय!"

"म्हणूनच हुकूम देता येत नाही."

"मग नोटिशीवर तरी शिक्का कुटं हाय?" शालूबाईनं विचारलं. "ती खोटी झाली की."

"नोटीस माझ्या सहीनं लागू होते, बाई. हुकुमाला शिक्का लागतो. नियम अकरा."

"नियम अकरा वाचून दावा."

"पुस्तक पेटीत आहे," मधुकर हळूच म्हणाला.

पंतांनी दुसऱ्या शिक्क्यासाठी दरबाराला कागद धाडला. आठ दिवसांनी उत्तर आलं, आपल्या पत्रावर मंडळाचा शिक्का नसल्यानं ते विचारात घेता येत नाही, शिक्का उठवून पुन्हा पाठवावं. पंतांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि मान डोलावली. त्यांना ते बिनचूक वाटलं.

दरम्यान बैठकी चालू. बैठक भरायची चावडीच्या ओट्यावर, काहिलीच्या समोर. दोघांना एका घोंगडीवर समोरासमोर बसवायचं. पण इतिवृत्तावर शिक्का नाही म्हणून ती बैठक धरता येत नव्हती, आणि धरता येत नव्हती म्हणून पहिली बैठक पुन्हा. अशी पहिली बैठक तीनदा झाली. दर खेपेला शालूबाईचा अर्धा दिवस मोडायचा, आणि मळ्यात ऊस उभा.

"अर्जदार, तक्रार सांगा," पंत म्हणायचे.

लालासाहेब डोकं खाजवायचा. "म्हंजे... वैनी म्हणल्या, माजा ऊस लाजतूय." आणि त्याला हसू यायचं.

"हसू नका. नोंद होते."

"आवं भावजी, नीट भांडा की!" शालूबाई दात खाऊन म्हणायची. "भांडलासा तरच ही मानसं जातील."

तिसऱ्या खेपेला लालासाहेबानं मनावर घेतलं. छाती फुगवली. "वैनी लय वाईट हाईत!"

"कशा?" मधुकर लिहायला सरसावला.

लालासाहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "म्हंजे... आमच्या आईच्या दुखन्यात पंधरा दिस उशापायथ्याला बसल्या हुत्या, तवा..."

"तवा काय?"

"तवा काय न्हाई. चांगल्याच हाईत त्या."

पंतांनी लेखणी खाली ठेवली. पक्षकारांना तंट्याचं गांभीर्य नाही, असा शेरा त्यांनी तोंडी सांगितला आणि मधुकरनं तो लिहून घेतला. पुढची तारीख पडली. पहिल्या बैठकीची.

असे बावीस दिवस गेले. माघी पुनव दोन दिवसांवर आली. सकाळी नाथाजी शालूबाईच्या मळ्यावर आला आणि बांधावरच उभा राहिला. आत यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"परवा मला कराडला जायाला पायजे, पोरी. बोललोय तिकडं."

शालूबाई उसाकडं वळली. नदीकडच्या सऱ्यांना पांढरे तुरे आले होते, वाऱ्यावर मस्त डुलत होते. तिनं एक ऊस काढला, गुडघ्यावर मोडला. आत कापसासारखं. दुसरा मोडला. तोही तसाच. मग आत शिरत शिरत ती मोडत गेली. पंधरा-वीस गुंठं गेलं होतं. त्याच्या अलीकडं मात्र ऊस अजून रसानं जड होता. आज, उद्या. फार तर आणखी चार दिवस.

ती बाहेर आली ती खोरं घेऊनच.

"कुटं निघालीस?" नाथाजीनं विचारलं.

"चावडीवर. बैल जुपा, चरक गाडीवर घाला. माजा नवरा तिकडं तोफंच्या तोंडाला हुबा ऱ्हातोय, आन् मी हितं कागदाला भिऊन बसू?"

लालासाहेब वाटेत भेटला. ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वैनी, सहा म्हैनं कैद हाय!"

"आसू द्या. कैदेत तरी फयली बैठक नसंल."

चावडीत मधुकर एकटाच होता. पंत दुपारनंतर यायचे होते. शालूबाई त्याच्यापुढं उभी राहिली. "मास्तर, ती नोटीस वाचा. मोट्यानं."

मधुकरनं वाचली. "...जागेवरून हलवू नये."

"शिजवू नये असं हाय का कुटं?"

मधुकरनं पुन्हा वाचली. पाठ होती, तरी वाचली. "नाही."

"खाली खांदू नये असं?"

"नाही." मग तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "मी जरा नदीवर जाऊन येतो. मला काही दिसलं नाही." आणि खरंच गेला.

गुऱ्हाळाला बोलवणं लागत नाही. खोऱ्याचा आवाज झाला तशी माणसं आली, तासाभरात चाळीस-पन्नास. काहीजण ऊस तोडून आणायला लागले, बाकीच्यांनी चावडीच्या अंगणात चुलवण खोदलं, बरोबर काहिलीच्या खाली, बाजूनं आत शिरत. मग आठ गड्यांनी काहील होती तिथल्या तिथं उलथली. पालथी होती ती उताणी झाली, जागा तसूभर सरकली नाही. लालासाहेबानं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग सगळ्यांच्या आधी कडीला हात घातला. खालनं चेपलेली पेटी निघाली. ती शालूबाईनं पुसून ओट्यावर पंतांच्या खुर्चीत ठेवली.

पंत आले तेव्हा बैल चरकाभोवती फिरत होते, चिपाडाचा जाळ फुरफुरत होता आणि सगळी चावडी धुरानं भरली होती. रसावर मळी आली होती, नाथाजी झारा घेऊन ती काढत होता. पंतांना खोकल्याची अशी उबळ आली की पहिला पाव तास त्यांना रागावताच आलं नाही.

"हे... हे काय?"

"आधण," नाथाजी म्हणाला आणि रसाचा तांब्या त्यांच्या हातात दिला. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कोरडं पाठवत नाहीत, मग तो कोणी का असेना. पंत घसा सुकल्यामुळं तो पिऊन गेले आणि पिऊन झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हा तंट्यातल्या उसाचा रस.

मग त्यांना पेटी दिसली. शिक्का दिसला. बावीस दिवसांनी शिक्का बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराचं म्हणा पाहिजे तर. ते खुर्चीत बसले आणि समोर येईल त्या कागदावर शिक्के मारत सुटले. पहिली बैठक, पहिली बैठक, पहिली बैठक. नोटिशीची नक्कल. दरबाराला धाडायचं पत्र. धाड, धाड, धाड. नदीवरनं परत आलेला मधुकर ओल्या पायांनी शाई पुरवत होता.

पंत हुशार नव्हते असं नाही. काहील आता हलवता येत नाही, जाळावर आहे, आणि पन्नास माणसांपुढं कैदेची भाषा केली तर आपणच आधणात जायचे, एवढं त्यांना दिसत होतं. शिवाय पुढच्या आठवड्यात दरबाराला मंडळाच्या कामाचा अहवाल द्यायचा होता, आणि त्यात घालायला एकसुद्धा समेट नव्हता. त्यांनी नवा छापील नमुना काढला, भरला आणि उठून उभे राहिले.

"उभय पक्षांनी इकडे यावं. मंडळ उदार आहे. झालं ते मंडळ विसरतंय." आणि वाचू लागले. "अर्जदार व जाबदार यांजमधील काहिलीबाबतचा विकोपास गेलेला तंटा मंडळाने अविश्रांत परिश्रम करून, उभयतांचे मन वळवून, तीन बैठकींत राजीखुशीने मिटविला. त्याबद्दल उभयता मंडळाचे ऋणी आहेत. निशाणी अंगठा."

लालासाहेबानं शाईत अंगठा बुडवला. तो जन्माचा भित्रा, आणि कागदावर अंगठा दिला की माणसं निघून जातात हा त्याचा अनुभव. शालूबाईनं त्याचं मनगट धरलं.

"भावजी, थांबा."

"दिऊन टाकू की वैनी. कागूदच हाय. म्हंजे सगळं मोकळं."

"कागूदच हाय?" तिचा आवाज चढला. चरकावरचा गडी बैल हाकायचा थांबला. "बावीस दिस कागदानंच काहील बुडाखाली घातली न्हवं? पंत, हे कुणी लिवलं?"

"नमुना छापील आहे, बाई."

"छापील खोटं. आमचं मिटलं कवा? तुमी यायच्या आदल्या दिवशी! मिटवलं कुणी? ह्या म्हाताऱ्यानं, शिव्या दिऊन! तुमी येऊन काय केलंसा? मिटलेलं मोडून पुन्ना भांडायला बसवलंसा आमाला. हे भावजी भांडत न्हाईत म्हणून त्यांनला दटावलंसा. भांडा म्हणून!"

"बाई, शब्द जपून—"

"ऊस जपायचा हुता मला! इस गुंठं गेला. नदीकडंला जाऊन बगा, तुरं डुलत्यात. वरीसभर पानी दिलं त्याला, मध्यान्हीच्या उनात पाट फोडलं. त्या इस गुंठ्यांचं नाव हाय का त्या कागदात? लिवा की. 'ह्या मंडळानं शालूबाईचा इस गुंठं ऊस वाळवला.' लिवा, म्हंजे धाई बोटांचं ठसं देते. वाटलं तर पायाचं बी देते."

"असं लिहायला नमुन्यात जागा नाही," पंत म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. जागा खरंच नव्हती.

"मग माज्या अंगठ्याला बी जागा न्हाई त्यात."

"तुमची निशाणी नसेल तर तंटा उघडा राहील. कायमचा. दप्तरात तुम्ही दोघं भांडतच राहाल."

"ऱ्हाऊ द्या. दप्तरात भांडतो, हितं गूळ करतो."

माणसं हसली. शालूबाई हसली नाही. तिच्या कपाळावरची शीर अजून ताड ताड उडत होती. लालासाहेबानं अंगठ्याकडं बघितलं, वैनीकडं बघितलं, आणि शाई धोतराला पुसली. धोतर नवं होतं.

पंत मधुकरकडं वळले. "लिही. जाबदार हिने समेटास नकार दिला."

मधुकर काही लिहीना. "कुठल्या बैठकीत म्हणून लिहू?" त्यानं विचारलं. "पहिल्या?"

पंतांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाथाजीनं हात वर केला. त्यानं पळीभर पाक थंड पाण्याच्या थाळीत सोडला होता. बोटांनी गोळा केला, पाटावर आपटला. टणक आवाज आला.

"आला गूळ! दांडं घाला!"

आठ गडी धावले. लालासाहेब पुढच्या दांड्याला. "सरका, सरका, सरका!" काहील जाळावरनं उचलली, आत पिवळाधमक पाक खदखदत होता. पाक ओतून निववायचा वाफा चावडीच्या ओट्यापाशीच केला होता, मधे पंतांची खुर्ची. पंतांनी कागद सावरले, शिक्का सावरला, धोतराचा सोगा सावरला आणि खुर्ची सोडून भिंतीला चिकटून उभे राहिले. कुणाच्याही हुकुमाशिवाय मुद्देमाल त्यांच्या नाकासमोरनं वाफाळत गेला.

शालूबाईनं पाक वाफ्यात ओतला जाताना बघितला. मग पदर खोचला आणि चरकाकडं वळली.

"बैल का थांबलं? पुडचं आधण भावजींचं हाय. लावा त्यांचा ऊस."